सापळ्यातली माशी आणि तिचे शेजारी : हाएनमधील एका ऑलिव्हबागेच्या फेरीचे परीक्षण

स्पेनच्या हाएन प्रांतात ऑलिव्हची बाग पाहण्यासाठी पैसे मोजावेत का, हा प्रश्न प्रथम विचित्र वाटतो, कारण त्या प्रांतात बाग न दिसेल अशी जागा शोधणेच अवघड आहे. तिथे ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत आणि रस्ता कुठेही वळला तरी दोन्ही बाजूंना तीच राखाडी-हिरवी झाडे सारख्या अंतरावर उभी असतात. अलीकडे तिथले अनेक तेलघाणे पर्यटकांसाठी फेऱ्या आयोजित करतात. त्यांतल्या बहुतेक पोलादी टाक्यांपाशी सुरू होतात आणि बाटल्यांच्या फडताळापाशी संपतात. सिएरा माखिना या डोंगररांगेच्या पायथ्याशी एका कुटुंबाच्या बागेत ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी घेतलेली फेरी मात्र जवळजवळ पूर्णपणे कीटकांविषयी आहे, आणि म्हणूनच तिचे सविस्तर परीक्षण करावेसे वाटले. बागेचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा फेऱ्या आता त्या परिसरात इतरत्रही मिळू लागल्या आहेत आणि पुढे जे तपासले आहे ते कोणत्याही बागेत तपासता येईल.

नोंदणीच्या वेळी हाती पडणारे देखणे पत्रक हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. त्यावर ऑलिव्हच्या मोहोरावर बसलेल्या मधमाशीचे मोठे छायाचित्र असून, मधमाश्या नसतील तर तेलही मिळणार नाही, अशा अर्थाचे वाक्य खाली छापलेले आहे. आमची मार्गदर्शक कृषिशास्त्र शिकलेली, त्याच भागातली तरुणी होती, आणि तिने फाटकापाशीच सांगून टाकले की ते वाक्य खरे नाही. ऑलिव्हचे परागीभवन वाऱ्यामुळे होते. मे महिन्यात झाड बारीक, पांढुरक्या मोहोराने भरून जाते, मधमाश्या परागकण नेण्यासाठी येतातही, परंतु फळ धरण्यासाठी झाड त्यांच्यावर अवलंबून नसते. शंभर फुलांमागे एक-दोन फळे टिकली तरी पीक चांगले समजले जाते. मालकांच्या पत्रकाविरुद्ध पाहुण्यांसमोर इतके स्पष्ट बोलणाऱ्या मार्गदर्शकामुळे फेरीवरचा माझा विश्वास वाढला; पत्रक मात्र पुन्हा छापायला हवे. ऑलिव्हच्या बागेत कीटकांचे काम फुले फळवण्याचे नाही. कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या पोटात अंडी घालतो आणि कोण कोणाचे रक्षण करतो, या व्यवहारावर तिथले पीक ठरते.

पहिला मुक्काम झाडाखाली गळून पडलेल्या हिरव्या फळांपाशी होता. सप्टेंबरच्या अखेरीस, सान मिगेलच्या सणाच्या सुमारास होणारी ही गळ शेतकऱ्यांच्या इतकी परिचयाची आहे की ती त्या सणाच्याच नावाने ओळखली जाते. प्रत्येक फळाला देठाच्या जागी एक बारीक भोक होते. मार्गदर्शकाने कोय फोडून दाखवली तेव्हा आतला गर खाऊन पोकळ झालेला होता. हे काम प्रेज ओली या लहानशा करड्या पतंगाच्या अळीचे. या पतंगाच्या वर्षभरात तीन पिढ्या होतात आणि त्यांनी झाड आपसांत वाटून घेतले आहे : हिवाळ्यातली पिढी पाने पोखरते, वसंतातली मोहोर खाते आणि उन्हाळ्यातली कोवळ्या फळात शिरून कोयीपर्यंत पोहोचते. मोहोरातल्या पिढीने फारसे बिघडत नाही, कारण झाडाकडे फुले गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. तिसरी पिढी मात्र थेट उत्पन्नावर घाला घालते. तरीही या बागेत पतंगासाठी फवारणी करत नाहीत. क्रायसोपाच्या, म्हणजे जाळीदार हिरव्या पंखांच्या नाजूक मित्रकीटकाच्या, अळ्या फळांवर घातलेल्या अंड्यांचा बराच मोठा वाटा फस्त करतात. त्यांच्या जोडीला आजेनियास्पिस नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी परोपजीवी गांधीलमाशी असते. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, त्या एका अंड्याचे पुढे विभाजन होऊन अनेक जीव तयार होतात आणि वाढत्या अळीला आतून पोखरून टाकतात. सुकलेल्या, फुगीर अळीचा नमुना काचेच्या कुपीत ठेवलेला होता आणि भिंगातून त्यातल्या कोषांची दाटी स्वच्छ दिसत होती. भिंगे मात्र गटाच्या मानाने फारच थोडी होती, ही व्यवस्थेतली उणीव आहे.

फेरीचा खरा गाभा पुढच्या ओळीत, फांदीला तारेने टांगलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत होता. कोर्दोबा प्रांतातल्या पोसोब्लांको येथील लोस पेद्रोचेस सहकारी संस्थेच्या शेतकऱ्यांनी प्रचारात आणलेला हा सापळा तिथे ‘ओलिपे’ या नावाने ओळखला जातो. दीड लिटरची पाण्याची रिकामी बाटली, वरच्या भागात सुमारे पाच मिलिमीटर व्यासाची काही भोके आणि आत डायअमोनियम फॉस्फेट या साध्या खताचे चार-पाच टक्क्यांचे द्रावण, एवढीच त्याची सामग्री असते. द्रावणातून निघणाऱ्या अमोनियाच्या वासाने ऑलिव्हची फळमाशी आत येते आणि बुडून मरते.

कोकणात आंब्याची कलमे असणाऱ्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा आपल्याकडे ज्या फळमाशीसाठी लावतात, ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आणि ऑलिव्हची बॅक्ट्रोसेरा ओली या एकाच प्रजातिकुळातल्या बहिणी आहेत. दोन्ही सापळ्यांत फरक मात्र मोठा आहे. रक्षक सापळ्यातले मिथाइल युजेनॉल नर माश्यांनाच ओढते आणि इतर कीटक त्याच्याकडे सहसा फिरकत नाहीत. ऑलिव्हच्या माशीला मिथाइल युजेनॉलचे आकर्षण नाही. तिला अमोनियाचा वास हवा असतो, कारण अंडी पोसण्यासाठी मादी प्रथिनांच्या शोधात फिरते, आणि ज्या वासाने प्रथिनांची भुकेली माशी येते त्याच वासाने प्रथिनांचा भुकेला दुसरा कीटकही येतो.

मार्गदर्शकाने एक बाटली उतरवली, गाळणीतून द्रावण ओतले आणि गाळणीतला ऐवज पांढऱ्या थाळीत पसरून, यात काय काय आहे ते तुम्हीच वेगळे करा, असे सांगितले. पाहुण्यांना काम देऊन गप्प उभे राहण्याची ही पद्धत मला फार आवडली. तपकिरी अंगाच्या, पंखांच्या टोकाला काळसर ठिपका असलेल्या फळमाश्या सहज ओळखू आल्या. त्यांच्यासोबत घरमाशीच्या जातीच्या कित्येक माश्या, काही पतंग आणि हिरवे पंख चिकटून गेलेले क्रायसोपाही निघाले. पतंगाची अंडी खाणारा म्हणून ज्याचे थोड्या वेळापूर्वी गुणगान झाले होते, तोच मित्रकीटक ‘विषमुक्त’ म्हणून मिरवणाऱ्या सापळ्यात मरून पडलेला होता. गटातल्या एका गृहस्थांनी याविषयी विचारल्यावर मार्गदर्शकाने सारवासारव केली नाही. सापळ्यातली मोजणी वहीत ठेवली जाते, तीत मित्रकीटकांचा स्वतंत्र रकाना आहे, आणि त्या नोंदी पाहूनच वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी, म्हणजे क्रायसोपाचे काम जोरात असताना, बाटल्या टांगणे थांबवले गेले, असे तिने सांगितले. ती वही चाळायलाही मिळाली. ओल लागून सुरकुतलेल्या पानांवर वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या नोंदी होत्या, आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोणी अशी वही तयार करत नसते.

फळमाशीविषयी तिने जे सांगितले ते फेरीतले सर्वांत भरीव विवेचन होते. मादी साधारणपणे एका फळात एकच अंडे घालते, आणि तिच्या टोचणीचा तपकिरी डाग फळावर दिसतो. हिरव्या ऑलिव्हचा गर अत्यंत कडू असतो आणि त्यातली ओल्युरोपिन वगैरे द्रव्ये बहुतेक कीटकांना मानवत नाहीत. ही अळी मात्र त्यावर वाढते, कारण तिच्या आतड्यात एर्विनिया डासिकोला नावाचा जिवाणू असतो आणि मादी अंडे घालतानाच तो पुढच्या पिढीला देते. याउलट तापमान पस्तीस अंशांच्या वर टिकून राहिले की अंडी आणि लहान अळ्या मरतात. हाएनच्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात माशी म्हणूनच दबून राहते आणि सप्टेंबरमध्ये हवा निवताच पुन्हा उसळते. उन्हाळ्यात तिचा कोष फळातच तयार होतो. शरद ऋतूत मात्र अळी फळ सोडून जमिनीत उतरते आणि मातीच्या वरच्या थरात कोषात जाते. इथे जमिनीवरच्या शिकाऱ्यांचे काम सुरू होते : काळे भुंगेरे, मुंग्या, कोळी आणि मातीत चोच खुपसून फिरणारे हुदहुदे. गटाने हा भाग घाईने उरकला, कारण भुंगेऱ्यांसाठी जमिनीत पुरलेल्या पेल्यांत त्या दिवशी फारसे काही सापडले नाही. माझ्या मते मात्र ऑलिव्हबागेची परीक्षा पहिल्यांदा याच जागी करावी. ज्या बागेची जमीन वर्षभर नांगरून उघडी ठेवलेली असते, तिथे या शिकाऱ्यांना राहायला जागाच नसते आणि पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून जाते, हे शेजारच्या टेकडीवरील घळींकडे पाहताच कळत होते.

या बागेत झाडांच्या ओळींमधल्या पट्ट्यात गवत आणि रानफुले वाढू देतात आणि वसंतात ती कापतात. बांधाला ओलिवार्दा नावाचे चिकट पानांचे, पिवळ्या फुलांचे झुडूप मुद्दाम राखले आहे, आणि ऑक्टोबरात ते ऐन बहरात होते. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. मायोपायटिस जातीची एक माशी या झुडपाच्या फुलांत गाठी तयार करते. त्या गाठींतल्या अळ्यांवर युपेल्मस जातीच्या परोपजीवी गांधीलमाश्या हिवाळा काढतात, आणि त्यांच्यापैकी काही पुढच्या हंगामात ऑलिव्हच्या फळमाशीकडे वळतात. म्हणजे निरुपद्रवी माशी पोसणारे झुडूप उपद्रवी माशीच्या शत्रूला आसरा देते. मार्गदर्शकाने हे सांगताना आवरते घेतले, हे बरे झाले. भूमध्य सागराच्या परिसरातील शेतकरी या झुडपाविषयी उत्साहाने बोलतात, पण परोपजीवी कीटकांचे प्रमाण बागेगणिक आणि वर्षागणिक फार बदलते आणि बांधावर झुडपे लावली म्हणून माशी हटत नाही.

मुंग्यांच्या बाबतीत ती इतकी सावध नव्हती. पतंगाच्या अळ्या आणि माशीचे कोष खाणाऱ्या मुंग्यांचे तिने भरभरून कौतुक केले, पण त्याच मुंग्या काळ्या खवले किडीच्या गोड स्रावासाठी तिची राखण करतात आणि तिच्यावर अंडी घालायला येणाऱ्या परोपजीवींना हुसकावतात, हे मी विचारल्यावरच सांगितले. त्या स्रावावर वाढणारी काळी बुरशी पाने झाकून टाकते. तुडतुड्यांच्या प्रादुर्भावानंतर आंब्याच्या पानांवर जे काळे पुट दिसते, त्याच जातीचा हा प्रकार आहे. एकाच कीटकाला ‘मित्र’ किंवा ‘शत्रू’ अशी कायमची पाटी लावता येत नाही, हे पाहुण्यांना दाखवण्याची ही सर्वांत सोपी संधी होती आणि ती वाया गेली.

माझी मुख्य तक्रार मात्र याहून मोठी आहे. ओळींमधले गवत दाखवून झाल्यावर मी इटलीविषयी विचारले. पुलिया प्रदेशात गाल्लिपोलीच्या परिसरातील ऑलिव्हची झाडे वाळत होती, आणि त्यामागे झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू असल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. तेव्हापासून तिथली लक्षावधी झाडे, त्यांत शतकानुशतके जगलेलीही, गेली आहेत. जिवाणू झाडाच्या जलवाहिन्यांत वाढतो आणि पाणी वर चढणे बंद पडते. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला मुख्यतः फिलेनस स्पुमारियस हा कीटक नेतो. त्याची पिल्ले वसंत ऋतूत जमिनीवरच्या गवतात स्वतःभोवती थुंकीसारखा फेस करून राहतात आणि गवत वाळू लागले की प्रौढ कीटक झाडांवर चढतात. एरवी हा कीटक झाडाचे काही बिघडवत नाही; जिवाणू अंगात आल्यावरच तो घातक ठरतो. म्हणून पुलियात वसंतात गवत कापणे किंवा जमीन नांगरणे सक्तीचे करण्यात आले. मित्रकीटकांना आसरा देणारे गवत या कीटकाचेही पाळणाघर आहे, आणि गवताच्या पट्ट्यांचे गुण गाणाऱ्या प्रत्येकाला या पेचाला कधी ना कधी उत्तर द्यावे लागते.

‘तो रोग आमच्याकडे नाही,’ एवढेच उत्तर मला मिळाले आणि गट पुढे निघाला. त्या बागेपुरते ते खरे असेल. परंतु हा जिवाणू २०१६ मध्ये बॅलेअरिक बेटांवर आणि २०१७ मध्ये अलिकांते प्रांतातल्या बदामाच्या बागांत आढळला, म्हणजे तो स्पेनमध्ये आहेच. शिवाय खरे उत्तर पायाखालीच होते. झाडांसाठी पाणी वाचावे म्हणून या भागात गवत वसंतातच कापले जाते. ही कापणी पिल्लांना पंख फुटण्याआधी झाली तर फेस करणाऱ्या कीटकाची संख्या घटते, आणि एकाआड एक पट्टा कापला तर क्रायसोपाला व परोपजीवींना फुलांतला मध काही काळ मिळत राहतो. यात तडजोड आहे, ती कोणत्या आठवड्यात आणि किती करायची हा निर्णय शेतकऱ्याचा आहे, आणि नेमका तोच निर्णय ऐकायला जिज्ञासू माणूस इतक्या दूर आलेला असतो. कीटकांवरच्या फेरीत हा विषय टाळणे मला मान्य नाही.

घाण्याकडे परतताना वाटेत छाटणीच्या लाकडाची एक बंद कोठडी लागली. छाटलेल्या लाकडात एक बारीक साल-भुंगेरा अंडी घालतो आणि वसंताच्या शेवटी बाहेर पडणारी त्याची प्रजा जिवंत फांद्या पोखरते, म्हणून सरपण उघड्यावर रचून ठेवत नाहीत. ही दोन वाक्यांची माहिती फलकावर नीट लिहिलेली होती आणि तेवढी पुरेशी होती.

चवीच्या सत्रात दोन तेले दिली जातात आणि दोन्ही पिकुआल वाणाची आहेत. पहिले ऑक्टोबरमध्ये, फळ हिरवे असताना काढलेले. त्याला हिरव्या टोमॅटोच्या आणि अंजिराच्या पानांचा वास आहे, जिभेवर ठसठशीत कडूपणा आहे आणि घशात मिरीसारखा झणका बसतो. दुसरे मागच्या हंगामात उशिरा काढलेल्या फळांचे, मऊ आणि काहीसे सपाट. लवकर तोडणीचा संबंध इथे पुन्हा माशीशी जोडला गेला, आणि सबंध सकाळचा धागा हाती आला. अळी बाहेर पडलेल्या फळात हवा आणि बुरशी शिरते, तेलाची आम्लता वाढते, आणि अळी लागलेल्या फळांचा विशिष्ट कुबट दोष चवीत उतरतो. चव-परीक्षकांच्या दोषांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान आहे. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेलाची आम्लता ०.८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. शरदातली पिढी वाढण्याआधी फळ उतरवले तर फवारणीची गरज कमी होते. त्या बदल्यात तेलाचा उतारा घटतो आणि किंमत वाढते. पहिल्या तेलाची बाटली महाग का आहे, हे मला आजवर कोणत्याही दुकानाने इतके पटण्यासारखे सांगितले नव्हते. मी तीच घेतली. वरण-भातावर ती चालत नाही, पण भाजलेल्या वांग्याच्या भरतावर कच्ची ओतली तर अतिशय चांगली लागते.

विक्रीच्या टेबलावर सेंद्रिय प्रमाणपत्राचा मोठा फलक आहे. तो खरा असला तरी त्याच्यावरून कीटकजीवनाविषयी फारसा निष्कर्ष काढू नये, कारण सेंद्रिय बागेची जमीनही नांगरून उघडी ठेवलेली असू शकते आणि सेंद्रिय शेतीत मान्य असलेले स्पिनोसाडसारखे कीटकनाशकही सर्व कीटकांना सारखे सौम्य नसते. डायमेथोएट या जुन्या विषारी औषधाला युरोपीय संघाने २०१९ मध्ये मुदतवाढ नाकारल्यानंतर बिनफवारणीच्या उपायांकडे शेतकऱ्यांचे लक्ष वाढणे साहजिक आहे, आणि त्याबरोबर बाटल्यांवरच्या आकर्षक लेबलांचीही वाढ होणार. स्पेनच्या पक्षिशास्त्र संस्थेने हाएन विद्यापीठ आणि इतर संस्थांसह २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘ओलिवारेस विवोस’ प्रकल्पातून आलेले प्रमाणपत्र मला अधिक अर्थपूर्ण वाटते, कारण त्यात बागेतली जीवसृष्टी प्रत्यक्ष मोजण्यावर भर आहे. या बागेकडे ते नाही. ते घेण्याचा विचार आहे का, या प्रश्नाला मालकांनी हसून खर्चाचा हिशेब ऐकवला.

फेरीचे शुल्क तिथल्या साध्या भोजनालयातल्या दोघांच्या दुपारच्या जेवणाइतके आहे. त्यात टोमॅटो-तेल लावलेला भाजका पाव आणि दोन्ही तेलांची चव येते, आणि मिळणाऱ्या माहितीच्या मानाने ते जास्त नाही. विवेचन स्पॅनिशमध्ये असते आणि विचारल्यास इंग्रजीतही समजावले जाते. इंग्रजीत वेळ जातो, म्हणून कीटकांची शास्त्रीय नावे आधी वाचून गेल्यास सोयीचे पडते. स्वतःचे भिंग जरूर न्यावे. लहान मुलांना थाळीतल्या कीटकांची निवड करायला आवडेल, पण उतारावरची ढेकळांची वाट गुडघेदुखी असणाऱ्यांना त्रासाची आहे. नोंदणी करताना गट लहान असल्याची खात्री करून घ्यावी, कारण एका थाळीभोवती फार माणसे जमली की मागच्यांना काहीच दिसत नाही. माशी, सापळा आणि ताजे तेल पाहायचे असेल तर ऑक्टोबर निवडावा. मोहोर, क्रायसोपाच्या अळ्या आणि गवतातली फुले पाहायची असतील तर मेमधली फेरी घ्यावी. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी ओळींमधल्या गवताच्या देठांवर पांढरा फेस दिसतो का ते पाहावे आणि इटलीचा प्रश्न मार्गदर्शकाला पुन्हा विचारावा.